'अख्रिस्ती' कशाला म्हणावे?

इंग्रजीतला 'अनख्रिश्चन' हा शब्द मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी निरनिराळ्या रूपांत येतो. कुणी 'अख्रिस्ती' म्हणतो, कुणी 'हे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही' म्हणतो, कुणी 'हे शास्त्राला धरून नाही' म्हणून मोकळा होतो. रोख एकच: ख्रिस्ती म्हणवणाऱ्याने जे करू नये ते केले. मात्र 'जे करू नये' त्यात काय काय येते, असे विचारले की यादी सुरू होते. टिकली लावली, हळद लावली, दारात तुळस ठेवली, अमक्या सणाचा फराळ खाल्ला, बाप्तिस्म्यानंतरही जुनेच नाव चालवले. ख्रिस्ती नसलेल्यांच्या मनातली कल्पनाही फार वेगळी नसते. त्यांनाही वाटते की धर्म बदलणे म्हणजे पेहराव, नाव आणि ताट बदलणे. दोन्हीकडचा समज मिळून शब्दाचा अर्थ ठरून गेला आहे: अख्रिस्ती म्हणजे परधर्मीयांसारखे.

हा अर्थ उथळ आहे, आणि त्याने चारशे वर्षांत या देशात पुष्कळ नुकसान केले आहे. माझे म्हणणे असे की हा शब्द परक्यांच्या चालीरीतींसाठी नाहीच. जो आत आहे, ज्याने ख्रिस्ताचे नाव घेतले आहे आणि तरीही जो आपल्याच माणसाला पंगतीतून उठवतो किंवा स्वतः त्याच्या पंगतीतून उठतो, त्याच्या वागण्याचे हे नाव आहे. बाकीचे अर्थ नंतर चिकटले. ते चिकटले म्हणूनच मूळ अर्थ झाकला गेला, आणि झाकलेला राहणे पुष्कळांच्या सोयीचे होते.

१. अंत्युखियातली पंगत

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात नोंद आहे की येशूच्या शिष्यांना 'ख्रिस्ती' हे नाव पहिल्यांदा अंत्युखियात मिळाले. हे रोमन साम्राज्यातले सीरियाचे मोठे शहर. आजच्या तुर्कस्तानातले अंताक्या. यहुदी आणि बिगरयहुदी अशा दोन्हीकडच्या माणसांची मंडळी तिथे उभी राहिली होती. ख्रिस्ती वागण्यावरून दोन बड्या प्रेषितांचे उघड भांडण झाले तेही याच गावात. पौलाने ते गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे, आणि हे पत्र चारही शुभवर्तमानांच्या आधी लिहिले गेले असे अभ्यासक मानतात. म्हणजे हाती असलेल्या सर्वांत जुन्या ख्रिस्ती लेखनातला हा प्रसंग आहे.

घडले ते असे. पेत्र अंत्युखियात आला आणि बिगरयहुदी बंधूंबरोबर जेवायला बसू लागला. मग यरुशलेमहून याकोबाकडची काही माणसे आली. त्यांच्या धाकाने पेत्र हळूहळू मागे सरला आणि वेगळा जेवू लागला. त्याचे बघून बाकीचे यहुदी ख्रिस्तीही उठले. पौलाचा सोबती बर्णबासुद्धा त्यांच्या मागे गेला. तेव्हा पौलाने सगळ्यांसमोर पेत्राला तोंडावर जाब विचारला. शुभवर्तमानाच्या सत्याशी तुमची पावले सरळ पडत नाहीत, असा त्याच्या आरोपाचा आशय होता.

या आरोपात काय नाही ते आधी पाहावे. पेत्राने ख्रिस्ताला नाकारलेले नव्हते. मूर्तीपुढे धूप जाळला नव्हता. श्रद्धेचे एकही वाक्य बदलले नव्हते. कुणाला शिवी दिली नव्हती, मारले नव्हते. तो फक्त एका पंगतीतून उठून दुसऱ्या पंगतीत बसला होता. हे वागणे किती गंभीर आहे, ते युरोपातल्या वाचकाला टीपा देऊन समजवावे लागते. मराठी वाचकाला एक शब्द पुरतो: पंक्तिभेद. मंडळीतल्या सर्वांत ज्येष्ठ प्रेषितावर भर सभेत ठेवलेला ठपका पंक्तिभेदाचा होता, ही गोष्ट आपल्याकडच्या प्रवचनांतून जितक्या मोठ्याने सांगितली जायला हवी तितकी सांगितली जात नाही.

हा एकटाच प्रसंग असता तर त्यावर एवढा भार टाकला नसता. करिंथच्या मंडळीत वेगळाच प्रकार चालला होता. प्रभुभोजनासाठी सगळे एकत्र जमत, पण सवडीची माणसे आधी येऊन खाऊनपिऊन तृप्त होत आणि ज्यांच्याकडे काही नाही ती उपाशी राहत. पौलाने त्यांना कळवले की तुम्ही जे खाता ते प्रभूचे भोजनच नव्हे. प्रार्थना बरोबर, भाकर बरोबर, प्याला बरोबर. आणि तरी ते प्रभुभोजन नाही, कारण गरीब माणसाला तिथे लाज वाटायला लावली. विधी अचूक असूनही वागण्यामुळे तो रद्द होतो, असे यात सरळ सांगितले आहे.

तिसरा पुरावा योहानाच्या पत्रांतला. 'ख्रिस्तविरोधक' म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे शेवटच्या काळातला कुणी बाहेरचा राक्षस उभा राहतो. हा शब्द बायबलमध्ये फक्त योहानाच्या पहिल्या आणि दुसऱ्या पत्रात आहे. प्रकटीकरणाच्या पुस्तकात तो नाही. ज्यांच्याविषयी तो वापरला ते परधर्माचे नव्हेत, मंडळीतूनच बाहेर पडलेले लोक आहेत. तिथे मुद्दा शिकवणुकीचा आहे, हे खरे. पण यांपैकी पहिल्या पत्रातच पुढे देवावर प्रेम असल्याचे सांगून भावाचा द्वेष करणाऱ्याला लबाड ठरवले आहे. शब्द कोणत्याही बाजूने धरला तरी त्याचे टोक आतल्या माणसाकडे वळलेले दिसते.

२. मिठाचा भात आणि जातीची मंडळे

मग या शब्दाचा रोख बाहेर कधी वळला? सगळा इतिहास इथे मावणार नाही. गोव्याचे एक उदाहरण जवळून बघू.

गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मचौकशीचे न्यायालय, १५६० मध्ये आले. मधली चार वर्षे, १७७४ ते १७७८, सोडली तर ते १८१२ पर्यंत टिकले. १४ एप्रिल १७३६ रोजी त्याने एक जाहीरनामा काढला. गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांनी हिंदूंच्या कोणत्या चाली पाळू नयेत, याची ती तपशीलवार यादी आहे. अनंत काकबा प्रियोळकरांनी १९६१ साली इन्क्विझिशनवर इंग्रजीत जे पुस्तक लिहिले त्यातून ती आपल्यापर्यंत पोचली. लग्नात ओव्या म्हणू नयेत. वधूवरांना हळद, नारळाचा रस लावून न्हाऊ घालू नये. विड्याची पाने आणि फुले जुन्या रीतीने वाटू नयेत. अंगणात तुळस ठेवू नये. एकादशी करू नये. पुरुषांनी धोतर आणि बायकांनी चोळी घालू नये. आणि एक कलम असे: भात शिजवताना मीठ घालावे, हिंदूंसारखा अळणी शिजवून मग चवीपुरते मीठ घेऊ नये.

या शेवटच्या कलमापाशी थांबावे असे मला वाटते. चुलीवर भाताचे मडके आहे, रांधणारी बाई मिठाची चिमूट टाकते की नाही, यावरून तिची ख्रिस्तावरची निष्ठा मोजायची. मोजणाऱ्यांना ही गोष्ट क्षुल्लक वाटत नव्हती. शेजारणीला ती दिसते, नोकराला ती सांगता येते, चौकशीत ती सिद्ध करता येते. दिसणारी आणि सिद्ध होणारी गोष्ट पकडण्याची सवय लागली की न दिसणारी गोष्ट मोजपट्टीतून गळते. येशूने मात्र तोंडात जाणाऱ्या पदार्थाने माणूस विटाळत नाही, अंतःकरणातून निघते त्याने विटाळतो, असे मार्काच्या सातव्या अध्यायात शिकवले आहे.

त्याच गावांत त्याच वेळी काय चालू होते? धर्मांतरित कुटुंबे बामण, चाड्डी, शूद्र अशी ओळख घेऊनच चर्चमध्ये आली होती आणि ती ओळख तिथे टिकली. चर्चची सेवा करणारी जी कोन्फ्रारिया नावाची मंडळे असत, त्यांत पुष्कळ गावी जातीप्रमाणे प्रवेश होता. मिरवणुकीत पुढे कोण, सणाचा यजमान कोण, यावरून भांडणे होत. लग्ने जातीतच होत. १७३६ च्या जाहीरनाम्याचा रोख यावर नव्हता. अळणी भात अख्रिस्ती ठरला आणि जातीचे मंडळ धर्मकार्य ठरले. शब्द उलटा लावला गेला म्हणतो तो याच अर्थाने.

ओवीची गोष्टही यातलीच. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठीत रचलेले ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. ते ओवीतच आहे, आणि गोव्यातले ख्रिस्ती भाविक पुढे कित्येक वर्षे ते वाचत आणि ऐकत आले. ज्या छंदात ख्रिस्ताची कथा सांगणे त्या पिढीला पूर्ण ख्रिस्ती वाटले, त्याच छंदात लग्नघरी बायकांनी गाणे शंभर-सव्वाशे वर्षांनी गुन्हा झाले.

३. 'सामाजिक रीत' ही पळवाट

इथे कुणी म्हणेल, हा पोर्तुगीजांचा कडवेपणा. उदारमतवादी मिशनऱ्यांनी असे केले नाही. पण उदार बाजूनेही तीच चूक केली, फक्त दुसऱ्या दाराने.

इटालियन जेझुइट रॉबर्ट दि नोबिली १६०६ मध्ये मदुरैला आला. संन्याशासारखी वस्त्रे घातली, शाकाहार धरला, संस्कृत आणि तमिळ शिकला. जानवे, शेंडी, चंदन हे ख्रिस्ती ब्राह्मणाने ठेवावे की टाकावे, यावर मोठा वाद झाला. १६२३ मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी ठरवले की ही चिन्हे अंधश्रद्धा टाळून, कुलाचाराची खूण म्हणून ठेवायला हरकत नाही. आजचे पुष्कळ विचारवंत या निर्णयाचे कौतुक करतात आणि पेहरावाच्या बाबतीत मीही करतो. पण त्याच तर्काने जातीचे अंतरही 'सामाजिक रीत' म्हणून स्वीकारले गेले. नोबिली खालच्या मानलेल्या जातींच्या ख्रिस्ती लोकांपासून आणि त्यांच्यात काम करणाऱ्या सहकाऱ्यापासून अंतर राखून राहिला. पुढे पोपचे प्रतिनिधी द तुर्नों यांनी १७०४ मध्ये पाँडिचेरीला हुकूम काढला की अस्पृश्य मानलेल्या परय्या जातीच्या आजारी ख्रिस्ती माणसाला त्याच्या घरी जाऊन संस्कार द्यावेत. एवढी साधी गोष्ट हुकूम काढून सांगावी लागली. वाद चाळीस वर्षे चालला आणि अखेर परय्यांसाठी वेगळे मिशनरी नेमण्याची तडजोड पुढे आली.

कडव्यांनी सगळे काही धर्माच्या खात्यात टाकले, मिठासकट. उदारांनी जे जे गैरसोयीचे ते 'सामाजिक' खात्यात टाकले, जातीसकट. पण अंत्युखियातला प्रश्न कोणत्या खात्यातला होता? जेवण ही सामाजिक रीतच होती. यहुदी माणसाने परक्याबरोबर जेवू नये हा पेत्राच्या समाजाचा जुना, सन्मान्य आचार होता. 'ही आमची सामाजिक चाल आहे, श्रद्धेशी तिचा संबंध नाही' हे उत्तर पेत्राला सहज देता आले असते. पौलाने ते दार आधीच बंद केले. धार्मिक आणि सामाजिक अशी भिंत घालून कुणी माणसाला वेगळे बसवणार असेल, तर ती भिंतच शुभवर्तमानाच्या आड येते, हा त्याचा मुद्दा आहे.

भिंत हा शब्द तमिळनाडूत शब्दशः खरा ठरला. तिरुनेलवेली भागातल्या वडक्कनकुळम गावी वेळ्ळाळ आणि नाडार ख्रिस्ती लोकांना एकमेकांपासून वेगळे बसवण्यासाठी चर्चची रचनाच दोन भागांत केली होती. दोन भाग वेदीपाशी मिळत, म्हणजे वेदी एक आणि पंगती दोन.

प्रॉटेस्टंटांचा इतिहास यात थोडा बरा आहे, फार नाही. कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांनी १८३३ मध्ये दक्षिणेतल्या मंडळ्यांना कळवले की जातिभेद ताबडतोब आणि कायमचा सुटला पाहिजे. तंजावरकडच्या अनेक वेळ्ळाळ ख्रिस्ती कुटुंबांनी मंडळी सोडणे पसंत केले. मदुरैच्या अमेरिकन मिशनने १८४७ मध्ये प्रीतिभोजनाची कसोटी लावली: सगळ्यांबरोबर एका जागी बसून जेवायचे. कित्येक उपदेशक जेवायला बसले नाहीत आणि त्यांना काम सोडावे लागले. ही माणसे बायबल शिकवत होती. त्यांच्या श्रद्धेच्या वाक्यांत काही उणे नव्हते. कसोटी पंगतीची लागताच वागणे उघडे पडले. मिशनच्या बाजूला परदेशी अधिकाराची अरेरावी होती, हे मान्य. कसोटी मात्र त्यांनी अचूक निवडली होती.

आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळकांनी ही कसोटी कुणीही न लावता स्वतःच दिली. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला ठाऊक आहे की त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्या कित्येक दिवस सोवळेओवळे सांभाळत वेगळ्या राहिल्या. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. त्याआधीच माणसामाणसांतली शिवाशिव त्यांच्या मनातून गेली होती. माझ्या दृष्टीने तो क्रम फार मोलाचा आहे: आधी पंगत, मग पाणी. पंडिता रमाबाईंच्या वाट्याला उलट अनुभव आला. इंग्लंडमध्ये १८८३ साली बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी शाकाहार सोडला नाही, तेव्हा त्यांच्या हितचिंतक जोगिणीला त्यात जुन्या जातीचा ताठा दिसला. दुष्काळातल्या बायकामुलींना गोळा करून केडगावला मुक्तिसदन उभारणाऱ्या बाईची श्रद्धा तिच्या ताटात मांस आहे की नाही यावर तोलली जावी, हे त्याच जुन्या मोजपट्टीचे फळ.

४. केपमध्ये काय झाले

हा दोष फक्त भारतातल्या जातीचा आहे असे कुणाला वाटू नये म्हणून दक्षिण आफ्रिकेकडे पाहावे लागते. तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या केपमधल्या महासभेने १८२९ मध्ये प्रभुभोजन रंग न पाहता सर्वांना एकत्र द्यावे, असे ठरवले होते. १८५७ मध्ये त्याच महासभेने वाट बदलली. एकत्र उपासना हीच शास्त्राला धरून आहे हे मान्य करून, काही सभासदांच्या मनाच्या दुर्बलतेपायी बिगरगोऱ्यांसाठी वेगळ्या इमारतीत उपासनेची सवलत दिली. सवलतीची रीत झाली, रीतीची १८८१ मध्ये वेगळी मंडळी झाली, आणि १९४८ नंतर वर्णद्वेषी राजवटीला समर्थन देणारी धर्मविद्या त्याच घरातून पुरवली गेली.

१९८२ मध्ये ओटावाला रिफॉर्म्ड चर्चांच्या जागतिक संघटनेची परिषद भरली. दक्षिण आफ्रिकेतल्या काही कृष्णवर्णीय प्रतिनिधींनी तिथे प्रभुभोजनात भाग घ्यायला नकार दिला. जे मायदेशी आम्हाला आपल्या मेजाशी बसू देत नाहीत, त्यांच्याबरोबर परदेशात बसण्याचा देखावा करणार नाही, ही त्यांची भूमिका. त्या परिषदेने वर्णद्वेष हे पाप आणि त्याचे धार्मिक समर्थन हे पाखंड, असा निर्णय दिला. वागणे पाप असते. त्या वागण्याला शास्त्राचा आधार शोधून दिला की ते पाखंड होते. 'अख्रिस्ती' हा शब्द सर्वांत जपून आणि सर्वांत अचूक वापरला गेला तो बहुधा याच ठिकाणी. पाठोपाठ केपजवळच्या बेलहार उपनगरात तयार झालेली आणि १९८६ मध्ये स्वीकारलेली श्रद्धाघोषणा एकी, समेट आणि न्याय या तीन गोष्टींवर उभी आहे.

५. तीन आक्षेप

पहिला आक्षेप प्रामाणिक भाविकाचा. चालीरीतींना इतके हलके लेखले तर सरमिसळ होईल. रोमन काळातल्या ख्रिस्ती लोकांनी सम्राटाच्या प्रतिमेपुढे चिमूटभर धूप टाकला असता तर जीव वाचला असता. त्यांनी टाकला नाही. ते वेडे होते का? मुळीच नाही. उपासना कुणाची हा प्रश्न खरा आहे आणि तो मी पुसत नाही. तुळशीची पूजा आणि अंगणातले तुळशीचे रोप यांत फरक आहे, आणि १७३६ च्या जाहीरनाम्याने तोच पाहिला नाही. पौलापुढेही करिंथमध्ये हाच पेच होता: मूर्तीला वाहिलेले मांस खावे का? त्याने पदार्थाला दोष दिला नाही. दैवताच्या मेजाशी बसून भक्ती करणे त्याने वर्ज्य ठरवले. एरवी कसोटी ही लावली की तुझ्या खाण्याने दुसऱ्या दुबळ्या मनाचा भाऊ कोसळतो का. म्हणजे आराधनेचा भाग वेगळा काढला की चालीरीतीचा निकालही पुन्हा शेजारच्या माणसापाशीच येऊन ठरतो.

दुसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. इन्क्विझिशन अख्रिस्ती होते, गुलामगिरी अख्रिस्ती होती, वर्णद्वेष अख्रिस्ती होता, असे म्हणून चर्च हात धुऊन मोकळे होते. जे जे वाईट ते 'खरे ख्रिस्ती नव्हे' म्हटले की खऱ्या ख्रिस्ती धर्मावर डाग राहतच नाही. हा शब्द असा वापरला जातो, रोज वापरला जातो, आणि तो वापर खोटा आहे. त्यावर उपाय एकच: हा शब्द प्रथमपुरुषी वापरायचा. 'ते अख्रिस्ती होते' नव्हे. 'आम्ही ख्रिस्ती असून अख्रिस्ती वागलो'. याची उदाहरणे आहेत. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये चर्चच्या लेकरांच्या हातून झालेल्या पापांबद्दल जाहीर क्षमायाचना केली. सत्याच्या सेवेच्या नावाखाली झालेल्या बळजबरीचाही त्यात उल्लेख होता. त्याहून धारदार प्रसंग नोव्हेंबर १९९० चा. दक्षिण आफ्रिकेतल्या रस्टनबर्गच्या चर्च-परिषदेत डच रिफॉर्म्ड चर्चचे धर्मशास्त्रज्ञ विली यॉन्कर यांनी स्वतःच्या आणि आपल्या चर्चच्या वतीने वर्णद्वेषाचा दोष कबूल केला. आर्चबिशप डेस्मंड टुटू उठले आणि त्यांनी ती कबुली स्वीकारली. दोन्ही बाजूंच्या काही लोकांना हे रुचले नाही. माजी राष्ट्राध्यक्ष पी. डब्ल्यू. बोथा यांनी तर फोन करून नापसंती कळवली. शब्द खरा लागला म्हणूनच तो झोंबला. फ्रेडरिक डग्लस या गुलामगिरीतून पळालेल्या लेखकाने १८४५ च्या आत्मकथनाला जोडलेल्या टिपणात ख्रिस्ताचा धर्म आणि मालकांचा धर्म वेगळे काढले, पण मालकांना सोडून देण्यासाठी नव्हे; रविवारी उपदेश करणारा आणि आठवडाभर फटके मारणारा माणूस एकच आहे हे दाखवण्यासाठी.

तिसरा आक्षेप बाहेरच्यांचा: चांगुलपणाला ख्रिस्ती आणि वाईटपणाला अख्रिस्ती म्हणता, म्हणजे बाकीचे सगळे वाईट का? शब्दाचा प्रचलित अर्थ घेतला तर हा अपमान खराच आहे, आणि साम्राज्यांच्या काळात तो करण्यात आला. पण मी सांगतो तो अर्थ घेतला तर अपमानाला जागा उरत नाही. येशूने शेजारधर्माचा नमुना म्हणून जो माणूस उभा केला तो शोमरोनी, म्हणजे श्रोत्यांच्या दृष्टीने परका आणि चुकीच्या धर्माचा. त्याच्या गोष्टीत वाट वाकडी करून गेले ते आतले, याजक आणि लेवी. हिंदू, मुसलमान किंवा बौद्ध माणसाला अख्रिस्ती म्हणणे अर्थशून्य आहे. त्याने ते नाव घेतलेलेच नाही. म्हणून हा शब्द फक्त ख्रिस्ती माणसालाच लागू शकतो.

लागू मात्र तो कुणीही करावा. डॉ. आंबेडकर बाहेरचे होते. अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावरच्या आणि धर्मांतरितांच्या स्थितीवरच्या लेखांत त्यांनी मिशनऱ्यांना विचारले की जात शाबूत ठेवून माणसे आत घेतलीत तर त्यांना दिलेत काय, आणि भारतीय ख्रिस्ती समाज आपल्यातल्या अस्पृश्यांवरच्या अन्यायाविरुद्ध का उभा राहत नाही. हे लेख त्यांच्या हयातीत छापले गेले नाहीत. पुढे महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेत आले. पौलाने पेत्राला विचारलेला प्रश्न आणि हा प्रश्न यांत मला आशयाचा फरक दिसत नाही. आतल्या माणसांनी तो पुरेसा विचारला नाही, म्हणून तो बाबासाहेबांना विचारावा लागला.

६. आज हा शब्द कुठे लावायचा

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यांत आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. नगर जिल्ह्यातल्या किंवा मराठवाड्यातल्या महार-मांग कुटुंबातून आलेल्या ख्रिस्ती मुलाला याची झळ शाळेच्या दाखल्यापासून लागते. या भेदाच्या समर्थनार्थ नेहमी सांगितले जाते की ख्रिस्ती धर्मात जात नाही. धर्मात नाही हे खरे. पण समाजात आहे, आणि ती लपवण्याचा परिणाम असा की ज्याने ती सोसली त्यालाच ती सिद्ध करत फिरावे लागते. 'आमच्यात जात नाही' असे व्यासपीठावरून अभिमानाने म्हणणारे उच्चजातीय ख्रिस्ती पुढारी या मुलाच्या विरोधात साक्ष देत असतात, मग त्यांना ते कळो वा न कळो.

भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित ख्रिस्ती लोकांच्या सबलीकरणाचे धोरण जाहीर केले आणि चर्चमध्ये भेदभाव होतो, तो पाप आहे, हे लेखी मान्य केले. २०२२ मध्ये हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला कार्डिनल झाले. दलित समाजातले ते पहिले कार्डिनल. ही पावले खरी आहेत. पण तिरुचिरापल्लीत दलित आणि इतर ख्रिस्ती मृतांना वेगळे ठेवणारी भिंत दफनभूमीत उभी राहिली आणि ती हटवा म्हणून दलितांनाच झगडावे लागले. गोव्यातल्या आणि गोव्याबाहेर गेलेल्या कॅथलिक कुटुंबांच्या विवाहजाहिरातींत 'रोमन कॅथलिक ब्राह्मण' ही ओळ अजून वाचायला मिळते. ती छापणाऱ्या घरात मंगळसूत्र ख्रिस्ती की अख्रिस्ती यावर चर्चा होऊ शकते. त्या ओळीवर होत नाही.

माझी अपेक्षा मोठी नाही, पण ती नेमकी आहे. २०१६ चे धोरण इंग्रजी पुस्तिकेत न ठेवता मराठी, कोकणी आणि तमिळमधून रविवारच्या मिस्सेत वाचले जावे, आणि ज्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत असे धोरणच नाही त्यांनी ते करावे. प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या पालकीय मंडळात, कोन्फ्रारियात, विश्वस्तांत आणि शाळेच्या नोकऱ्यांत कोणत्या वाड्यावस्तीची माणसे आहेत हे वर्षातून एकदा लिहून दाखवावे. जिथे जातीप्रमाणे वेगळी दफनभूमी, वेगळी मिरवणूक किंवा वेगळा सण आहे, तिथे बिशपांनी 'सामाजिक रीत' हे उत्तर स्वीकारू नये. आणि ख्रिस्तशरीराच्या पहिल्या स्वीकाराची तयारी करणाऱ्या मुलांना दहा आज्ञांबरोबर अंत्युखियाचा तो प्रसंगही शिकवावा: कोण कुणाच्या पंगतीतून उठले, कुणाच्या भीतीने उठले, आणि त्याला कुणी सर्वांसमोर अडवले.